कांचन हेंद्रेच्या खिडकीतली नाटक मंडळी

सोमवारी सकाळी कांचन हेंद्रे दुकानाचं कुलूप काढायला वाकली आणि तशीच थांबली. खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, कुणीतरी जाड काळ्या मार्करनं एक खूण केली होती. काचेमागं राजाचं सोंग घेतलेल्या नटाचा जुना फोटो टांगलेला होता आणि खूण बरोबर त्याच्या कपाळावर बसत होती.

तिनं आत जाऊन थिनर आणलं, खूण पुसली, चहा ठेवला, मशीनवरचं कापड काढलं. रस्त्यावरच्या पोरांचा चाळा, दुसरं काय, असं ती स्वतःशी म्हणाली खरी. पण त्या दिवशी सुईत दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

मंगळवारी राजाच्या कपाळावरची खूण परत आली होती, आणि शेजारी दुसरी. दुसरी राणीच्या कपाळावर.

१९८७ सालचा ऑगस्ट. न्यू जर्सीतलं हडसनकाठचं गाव, आणि त्यातला तो एक रस्ता, जिथं चार वर्षांत आपल्या लोकांची वीस दुकानं झाली होती. ज्यांना तो उन्हाळा आठवत नाही, आणि मोठ्या अंगणाच्या घरांत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना तो सोयीनं आठवत नाही, त्यांच्यासाठी सांगायचं तर कपाळावर कुंकू किंवा टिकली असलेली बाई दिसली की मोटारीतून बाटली यायची. पुरुष एकटा सापडला तर त्याला तुडवायचे. वर्तमानपत्रात पत्र छापून आलं होतं, या लोकांना इथून हाकलणार म्हणून. बायका घरातून निघताना टिकली काढून पर्सच्या कप्प्याला चिकटवत आणि कामावरून परत आल्या की आरशासमोर पुन्हा लावत. एक तपकिरी मोटार रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं हळूहळू जायची. तिच्यात तीन-चार ताडमाड पोरं असत. ती काही करत नसत, नुसती दुकानांकडं बघत. त्या बघण्यानंच लोक शटर लवकर ओढायला लागले होते.

कांचनच्या दुकानाला शटर नव्हतं. घरमालक आज लावतो, उद्या लावतो करत होता. सात फुटी काचेची खिडकी, तिच्यात उजेडासाठी ठेवलेलं शिलाई मशीन, मशीनपुढं तिची खुर्ची, आणि खुर्चीच्या डाव्या हाताला फळीवर टांगलेले सहा फोटो. दिवसाचे दहा तास ती तिथं बसायची. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ती सातव्या फोटोसारखीच दिसायची, फक्त हलणाऱ्या.

ते फोटो तिच्या आजोबांचे. म्हणजे आजोबांनी जपलेले. आजोबा एकोणिसाव्या शतकातल्या एका फिरत्या नाटक कंपनीचे शिंपी होते. कंपनीनं १८८९ मध्ये पुण्यात आपल्या मुख्य नटांचे सोंगातले फोटो काढून घेतले होते, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडेला सोनेरी रेघ. राजा, राणी, राणीची सखी, जोगीण, राक्षस आणि विदूषक. सहाही पुरुषच, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा बायकांना रंगमंचावर कोण उभं राहू देत होतं. राणी झालेला नट तालमीत दंड-बैठका काढणारा गडी. त्याचे खांदे झाकायला आजोबांनी पदर कुठून कसा घेतला, गळ्याची घाटी लपवायला ठुशी किती वर चढवली, दंड दिसू नयेत म्हणून चोळीची बाही कोपरापर्यंत कशी उतरवली, हे सगळं त्या फोटोत होतं. कांचन लहानपणी भिंग घेऊन त्या फोटोतल्या निऱ्या मोजायची. शाळा चौथीपर्यंत, पुढची सगळी शाळा त्या सहा पुठ्ठ्यांची.

आजोबा स्वतः फोटोत नव्हते. शिंप्याला कोण फोटोत घेणार. पण राणीच्या कमरेपाशी, पडद्याच्या कडेतून, दोन बोटं बाहेर आलेली दिसत. त्या काळी फोटोला हलायचं नसे, नि मागच्या निऱ्या सुटत होत्या, म्हणून आजोबा पडद्याआड गुडघ्यावर बसून त्या धरून होते. घराण्याचा इतिहास म्हणून कांचनकडं तेवढीच दोन बोटं होती. तिला त्यांचा अभिमान होता आणि रागही. फोटो इतके पिवळे पडले होते की नटांच्या कपाळावरचं गंध-कुंकू आता दिसतच नव्हतं, पण ती दोन बोटं अजून स्पष्ट होती.

मंगळवारी दुपारी शेजारचा श्रीराम आला. त्याचं किराणा आणि व्हिडिओ कॅसेटचं दुकान. ठाण्याचा माणूस, बुटका, गोल, नाटकाचा वेडा. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा जुन्या धर्तीचं संगीत नाटक होतं आणि त्यात तो राजा होता. अकरा पोशाख कांचन शिवत होती, सगळे फोटोंवरून. श्रीराम अंगरख्याचं माप द्यायला म्हणून आला होता, पण उभा राहिला काचेपाशी.

"वहिनी, हे बघितलंत ना?"

"मला डोळे आहेत."

"काढा ते फोटो. थोडे दिवस. मी सांगून थकलो."

"हात वर कर. छाती फुगवू नकोस, तू अजून राजा झालेला नाहीस."

त्यानं हात वर केले. त्याच्या उजव्या कानामागं पाच टाक्यांची शिवण होती. जुलैत त्याच्या दुकानाची काच फोडली होती तेव्हाची. त्यानंतर तो बोलताना सारखा दाराकडं बघायचा.

"ती गाडी तुमच्या खिडकीसमोर थांबते, माझ्या नाही," तो म्हणाला. "तुमची खिडकी बघायला येतात आणि जाता जाता माझी फोडतात. साड्या नेसलेले बापे टांगलेत तुम्ही भर रस्त्यात."

"पोशाख कशावरून शिवू मग? तुझ्या तोंडावरून?"

"आतल्या खोलीत टांगा."

"आतल्या खोलीत उजेड नाही." तिनं टेप गुंडाळली. "आणि आतल्या खोलीत मी एकदा बसून आलेय, श्रीराम. पुरे झालं."

हे तिनं कशाबद्दल म्हटलं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं हात खाली केले.

चार वर्षांपूर्वी एकनाथ हेंद्रे कारखान्यात लेथ मशीनवर उभा असताना कोसळला आणि गेला. त्याच्या तेराव्याच्या आत मंडळातल्या बायका सांत्वनाला आल्या. त्यांतल्या वसुधाकाकूंनी, कुणी काही न सांगता, रुमाल ओला केला आणि कांचनचं कपाळ पुसलं. चांगलं दाबून, भांडं घासावं तसं. कांचन तेव्हा इतकी सुन्न होती की तिनं मान पुढं केली. पुढचं वर्षभर ती कोऱ्या कपाळानं आतल्या खोलीत बसून फॉल लावत होती. लोक काय म्हणतील, या एका भीतीनं. मग एका मंगळवारी, कसलाही सण नसताना, तिनं मेणाचा ठिपका लावला, त्यावर पिंजर दाबली, पूर्वी लावायची त्यापेक्षा मोठी, आणि मशीन ओढत खिडकीत आणलं. मंडळाच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण त्या वर्षापासून बंद झालं. ब्लाउज शिवायला येणं मात्र कुणाचं बंद झालं नाही.

कुंकू तिच्याकडून एकदा भीतीनं काढून घेतलं गेलं होतं. ती ते परत दुसऱ्यांदा देणार नव्हती, मोटारीतल्यांना नाही आणि रुमालवाल्यांना तर नाहीच. सगळी गोष्ट एवढ्यावर अडलेली होती.

बुधवारी सखीच्या कपाळावर खूण आली. कांचननं आता पुसायचं सोडलं. पुसलं की परत येत होती, आणि पोलिसांना दाखवायलाही काही हवं.

त्याच दिवशी डॉक्टर गुरुदत्त आले, मंडळाचे अध्यक्ष. त्यांची गाडी त्या रस्त्यावर उभी राहिली की आजूबाजूच्या गाड्या लाजायच्या. ते पोशाख बघायला आले होते, बघितले, वाहवा केली, आणि मग खुणांकडं बघून आवाज खाली आणला.

"कांचनताई, हे फोटो म्हणजे आपला हेरिटेज आहे. त्यांना असं एक्स्पोज करणं बरोबर नाही. आम्ही ते हॉलमध्ये डिस्प्ले करू. काळं कापड, खाली लेबल्स. सेफ राहतील."

"फोटो सेफ राहतील. मी?"

"तुम्ही जरा लो प्रोफाइल ठेवा. हे थोडे दिवस. आता कपाळाला स्किन कलरची टिकली मिळते, दिसतसुद्धा नाही."

"मग लावायची कशाला?"

डॉक्टर हसले, सवयीनं. "आमची मिसेस तेच वापरते हल्ली."

"तुमच्या मिसेसची गाडी घरातल्या गॅरेजातून निघते आणि मॉलच्या गॅरेजात शिरते. तिनं कपाळावर पोळपाट बांधला तरी कोण बघणार आहे? मी तीन ब्लॉक चालत जाते, डॉक्टर. तुम्ही मंडळाचं लेटरहेड काढा, वीस डॉक्टरांच्या सह्या घ्या आणि मेयरकडं जा. तुमच्या सहीला वजन आहे. माझ्या टिकलीला कसलं असणार?"

"त्यात पॉलिटिक्स होतं हो."

"मग पोशाख शनिवारी न्या पुढच्या," ती म्हणाली आणि पायडल दाबलं. मशीनच्या आवाजात डॉक्टरांचं पुढचं बोलणं बुडालं.

गुरुवारी जोगीण. पोलीस आला तो त्या दिवशी. तरुण होता, घामाघूम, माणूस वाईट नव्हता. त्यानं फॉर्म काढला आणि विचारलं, या बायका कोण?

"पुरुष आहेत," कांचननं तिच्या इंग्रजीत सांगितलं.

त्यानं लिहिलेलं खोडलं. मग खुणा असलेल्या चारही फोटोंकडं बघितलं, मग कांचनकडं, आणि 'नातेवाईक' असं लिहिलं. कांचननं दुरुस्त केलं नाही. खुणांना त्यानं 'ठिपके' म्हटलं. चार ठिपके. कुणी हात लावला का? धमकी दिली का? काच फुटली का? नाही, नाही, नाही. मग तो म्हणाला, काही झालं की फोन करा, आमच्याकडं या भागात दोनच गाड्या आहेत. हे तो खाली मान घालून म्हणाला.

शुक्रवारी राक्षस. आता सगळा रस्ता मोजायला लागला होता. सहा फोटो, रोज एक. पलीकडचा मिठाईवाला रोज सकाळी बाहेर येऊन बघून जायचा. येणारी गिऱ्हाइकं काचेकडं पाठ करून उभी राहत आणि ब्लाउज घेऊन लगेच निघत. कुणी तिच्या कपाळाकडं बघायचं आणि नजर वळवायचं, जसं आजारी माणसाच्या सुजेकडं बघून वळवतात.

रात्रीच्या जेवणाआधी नीलाचा फोन आला. कांचनची एकुलती एक मुलगी, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होती, तीन मुलींबरोबर एका अपार्टमेंटमध्ये.

"आई, श्रीरामकाकांनी मला कॉल केला होता. Why didn't you tell me?"

"तो कशाला तुला फोन करतो?"

"कारण तू ऐकत नाहीस. तू इथं ये. मी बसचं टाइमटेबल बघून ठेवलंय. फक्त दोन वीक्स, please."

"अकरा पोशाख आहेत."

"आई, उद्या सहावा. Then what? परवा काय?"

"परवा काही नाही. फोटो संपले."

 नीला हळूच म्हणाली, "पण तू तिथंच बसतेस ना गं."

कांचननं फोन ठेवल्यावर भांडी घासली, ओटा पुसला, परत पुसला. भीती वाटत नव्हती असं नाही.  पण राग भीतीपेक्षा दोन बोटं वर होता आणि आजवर त्यानंच तिला उभं केलं होतं.

शनिवारी विदूषक. सहा पूर्ण झाले.

त्या दिवशी दुपारी ती मिठाईवाल्याकडं फरसाण आणायला म्हणून रस्ता ओलांडून गेली आणि परत फिरताना पलीकडच्या फुटपाथवर तिचे पाय थांबले. आठवडाभर तिनं त्या खुणा जवळून, एकेक, भीतीनं बघितल्या होत्या. पोलीस ठिपके म्हणाला, ती पण ठिपकेच म्हणाली. आता पहिल्यांदा सहाही एकदम दिसत होत्या, लांबून, प्रेक्षकानं बघावं तशा.

ते ठिपके नव्हते. म्हणजे सगळे नव्हते. राणीला आणि सखीला गोल कुंकू होतं, भुवयांच्या मध्ये जरासं वर, जिथं लावायचं तिथंच. राजाला उभं गंध. जोगिणीला भस्माचे तीन आडवे पट्टे. राक्षसाला रुंद, वर निमुळता होत जाणारा मळवट. विदूषकाचं गंध मुद्दाम वाकडं. सहाही जण रंगून, प्रयोगाला तयार होऊन उभे होते.

कांचन तिथंच उभी राहिली. हातातली फरसाणाची पिशवी तिनं छातीशी धरली.

त्या मोटारीतल्या पोरांना हे सहाही जण एकच. कपाळ दिसलं की ठिपका. राजाला कुंकू लावत नाहीत आणि जोगिणीला गोल चालत नाही, हे त्यांना त्यांच्या बापानंही सांगितलं नसणार. फोटोतल्या मूळ खुणा तर कधीच पुसल्या गेल्या होत्या. ज्यानं हे केलं त्याला घाबरवायचं होतं, पण हात घरचा होता. हातानं चुकीचं सोंग रंगवायला नकार दिला होता.

ती रस्ता ओलांडून आली आणि तिनं टेप काढली. शिंप्याला संशय आला की तो माप घेतो. फोटो काचेपासून वीतभर मागं होते. म्हणजे खूण कपाळावर नेमकी बसायला बघणाऱ्याचा डोळा ठरावीक उंचीवर हवा. तिच्या डोळ्यांना सगळ्या खुणा कपाळांच्या थोड्या वर, पागोट्यात आणि केसांत दिसत होत्या. तिनं टाचा उचलल्या. खुणा उतरल्या आणि जागच्या जागी बसल्या. ती पाच फूट एक. टाचांचे तीन इंच. आत येऊन तिनं मापाची वही उघडली, जरी उघडायची गरज नव्हती. मंगळवारचंच पान. अंगरखा, राजा, उंची पाच फूट चार.

त्या संध्याकाळी श्रीरामचं दुकान बंद होतं. तो समरसेटला भावाकडं गेला होता, रात्री राहणार होता, असं दारावर चिठ्ठी लिहून. कांचन घरी गेली आणि आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपली. राग असा आला होता की झोपेतही तिचे दात आवळलेले होते. पण भीती गेली होती. घरच्याच माणसाचा खेळ होता. मोटारीतल्यांनी तिला निवडलेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी काचेवर सातवी खूण होती.

ती लाल होती. फोटोंच्या शेजारी, जिथं मागं काहीच टांगलेलं नव्हतं अशा कोऱ्या काचेवर, रंगाचा एक गोळा आणि त्यातून खाली ओघळलेल्या दोन रेघा. फोटो संपले म्हणून आता काचच रंगवायला घेतली वाटतं बेट्यानं, असं तिच्या मनात आलं. हात थरथरलेला दिसतो. तिनं नीट बघितलंसुद्धा नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आली होती की एका मापावरून दुसरं धरायचं नाही, प्रत्येक अंग वेगळं मोजायचं. त्या सकाळी तिनं सहावरून सातवं धरलं.

अकरा वाजता श्रीराम आला, दुकान उघडलं. ती त्याच्या काउंटरसमोर जाऊन उभी राहिली.

"गंध छान लावतोस," ती म्हणाली.

त्याचा हात कॅसेटच्या डब्यावर राहिला.

"कुंकूही छान लावतोस. जोगिणीचे पट्टे तर काय, बोटांनी ओढल्यासारखे. कुणाकडं शिकलास?"

त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मग तिच्या गळ्यातली टेप बघितली. तो स्टुलावर बसला.

"वहिनी, मला तुम्ही जायला हव्या होतात. नीलाकडं. दोन आठवडे. बाकी काही नाही."

"म्हणून माझ्या पोरीला फोन केलास."

"परत काच फुटली तर मी दुकान नाही चालवू शकत. रात्री गाडीचा आवाज आला की मी पलंगाखाली शिरतो, शपथ. एकनाथचा मित्र आहे मी. तुम्हाला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

"म्हणून तू त्यांचं काम केलंस."

त्यानं कॅसेटचा डबा बाजूला सारला. मग तो म्हणाला, "मी ठिपकेच मारायला गेलो होतो. राजापाशी हात गेला आणि... गोल निघेचना. हात तसाच गेला."

कांचनला हसू आलं असतं एरवी. तिला ते येतंय हे जाणवलं आणि तिनं ते गिळलं.

"चल," ती म्हणाली. "थिनर माझ्याकडं आहे. सातही पुस. त्या लाल रंगाला जास्त घासावं लागेल."

"लाल कुठला?"

"नाटक नको आता."

"वहिनी, मी सहाच केले." त्याचा आवाज बदलला होता. "काल मी समरसेटला होतो. आत्ता येतोय. भावाला फोन लावून विचारा."

दोघं बाहेर आले. ऊन काचेवर तिरपं पडलं होतं. श्रीरामनं लाल गोळ्याला बोट लावलं. रंग वाळला होता, कडेला बारीक तुषार होते.

"स्प्रे आहे हा," तो म्हणाला. "आणि इथं मागं तर काहीच नाही."

 कांचनला आता ते दिसायला लागलं होतं आणि बघायचं नव्हतं. मग ती म्हणाली, "आत जा. माझ्या खुर्चीवर बस. मशीनपुढं, मी बसते तसा. थोडा वाकून."

तो गेला, बसला. तिनं फुटपाथवरून बघितलं. लाल गोळा त्याच्या डोक्याच्या वर, हवेत लोंबत होता. तिनं टाचा उचलल्या. थोडा उतरला, पण पोचला नाही. त्याच्या दुकानाबाहेर दुधाचा रिकामा क्रेट पडला होता. तिनं तो आणला, उलटा ठेवला आणि एका हातानं पार्किंग मीटरला धरून त्यावर चढली. आता तिचे डोळे सहा फुटी माणसाच्या डोळ्यांइतके उंच होते.

गोळा श्रीरामच्या कपाळाच्या बरोबर मध्ये बसला. भुवयांच्या मध्ये नव्हे. कपाळाच्या मधोमध, जिथं आपल्यातलं कुणी लावत नाही. दोन्ही ओघळ त्याच्या नाकावरून खाली आले होते.

आत बसलेल्या श्रीरामला तिचा चेहरा दिसत होता. त्याला विचारावं लागलं नाही. तो खुर्चीवरून उठला, इतक्या घाईनं की खुर्ची मागं पडली.

"मी पोलिसांना फोन करतो," तो बाहेर येऊन म्हणाला.

"कर."

त्यानं केला. पलीकडच्यानं नाव-पत्ता घेतला आणि गाडी मोकळी झाली की पाठवतो म्हणाला. रविवार होता.

"तुम्ही निघा, वहिनी. आत्ता. माझ्या गाडीनं स्टेट कॉलेजला सोडतो, चार-पाच तास लागतील. दुकान बघतो मी. फोटो काढतो, तुमच्याबरोबर देतो. मी पाया पडतो तुमच्या."

कांचन क्रेटवरून उतरली. हातातला मीटर तिनं सोडला नाही. तिला तो ओला रुमाल आठवला, आणि आपण पुढं केलेली मान. त्या बाईचा दोष होताच, पण मान आपण पुढं केली होती. कुणी धरून नव्हती केली. हे ती चार वर्षं कुणाला बोलली नव्हती.

"खुर्ची आतल्या भिंतीला सरकवा निदान," श्रीराम म्हणाला.

"तिथं उजेड नाही, तुला किती वेळा सांगायचं?"

ती आत गेली. पडलेली खुर्ची उचलली, होती तिथंच ठेवली, मशीनपुढं, खिडकीत. पर्समधला आरसा काढला. घामानं कुंकू जरा पसरलं होतं. तिनं पदरानं कडा टिपल्या, डबी काढली, मेणावर पिंजर दाबली. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. कुंकू गोल झालं. मग अंगरखा मशीनखाली घेतला. उजवी बाजू राहिली होती, काखेपासून कमरेपर्यंत.

श्रीराम दारात उभा होता, धड आत ना बाहेर.

"जा तू," ती न बघता म्हणाली. "तुझं दुकान उघडं आहे."

तो गेला. शेजारी दिव्यांची बटणं बंद केल्याचा आवाज आला, दाराला कुलूप पडल्याचा. कांचनला वाटलं, गेला समरसेटला. तिनं टीप घालायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी दार वाजलं. श्रीराम आपलं स्टूल घेऊन आला होता. त्यानं ते मशीनच्या बाजूला, काचेच्या इतकं जवळ ठेवलं की त्याचा खांदा काचेला टेकत होता, आणि बसला. कॅसेटवरची लेबलं बरोबर आणली होती, ती लिहायला लागला. त्याचं अक्षर वाचण्यासारखं येत नव्हतं.

"तुझी उंची कमी आहे," ती म्हणाली. "तुझ्याआड मी लपत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

दुपार गेली. गिऱ्हाईक एकही आलं नाही. पोलिसांची गाडी आली नाही. मिठाईवाल्यानं सहा वाजताच दुकान बंद केलं आणि जाताना त्यांच्याकडं बघून हात वर केला, निरोपाचा की कसला ते कळलं नाही. ऊन समोरच्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर चढलं. रस्ता रिकामा झाला.

सव्वासातला तपकिरी मोटार कोपऱ्यावरून वळली. रोजच्यासारखीच हळू आली, चारही काचा खाली. खिडकीसमोर सिग्नलला थांबली. मागं बसलेल्या एकानं पुढच्याला काहीतरी म्हटलं आणि पुढचा वळून बघायला लागला. श्रीरामच्या हातातलं पेन थांबलं. तो स्टुलावरून उठला नाही. त्याचा श्वास काचेवर उमटत होता आणि विरत होता.

कांचननं मान वर केली. सरळ, इतकी की कपाळ पूर्ण दिसावं. तिनं त्या पोराकडं बघितलं आणि बघत राहिली, गिऱ्हाइकाचं माप नजरेनं घ्यावं तशी. बावीस वर्षांचा असेल. खांदे रुंद, मान आखूड.

सिग्नल हिरवा झाला. मोटार हलली नाही.

मोटारीचं मागचं दार उघडलं. कांचननं खाली बघून कापड सरळ केलं आणि पायडलवर पाय ठेवला. दुपारनंतर घेतलेल्या दुसऱ्या पोशाखाची काखेची टीप चार इंच राहिली होती. ती तिनं सावकाश, एकही टाका न सोडता घालायला घेतली.